मूळ अंक कुठला?

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरीचं देऊळ आहे. किल्ल्यासारखा तट, चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि आसपास अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. दर्शनाला येणारा माणूस पुरातन देवस्थान म्हणूनच हात जोडतो. पण देवीचं हे पहिलं ठाणं नव्हे. परंपरा सांगते की आधीचं देऊळ गुंज गावी होतं. पोर्तुगीजांनी ते मोडलं आणि देवी वडवलीला आली. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी नवस बोलला, १७३९ साली वसई हाती आली आणि देवीचं नवं देऊळ उभं राहिलं. पुढे वडवली हे नाव मागे पडलं आणि गावच वज्रेश्वरी झालं.

देवीच्या प्रकट होण्याच्या कथाही दोन आहेत. एकीत यज्ञात आहुती मिळाली नाही म्हणून चिडलेल्या इंद्राने वसिष्ठांवर वज्र फेकलं आणि देवीने ते गिळून टाकलं. दुसरीत कलिकल नावाच्या राक्षसाने देवांची सगळी शस्त्रं निकामी केली, इंद्राचं वज्रही मोडलं, आणि त्या तुकड्यांतून देवी प्रकटली. ठाणं बदललं, गावाचं नाव बदललं, जन्मकथा दोन झाल्या; तरी ‘आमची देवी अशी नव्हती’ असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

हेच चित्रकथेतल्या एखाद्या महानायकाच्या बाबतीत घडू द्या. बंद पडलेली मालिका नव्याने सुरू झाली, की पहिला अंक हातात पडताक्षणी जुन्या वाचकांची कुरकुर सुरू होते. चेहरा वेगळा काढलाय, रंग भडक झालेत, कागद गुळगुळीत आहे, भाषेत तो ठसका नाही, जन्मकथेची तर पार वाट लावली. ‘आमचा तो असा नव्हता’ हे या सगळ्याचं पालुपद. ही तक्रार आली कुठून? तिचा माग काढत गेलं तर लक्षात येतं की महानायक आधी जन्मले आणि तक्रार नंतर. तिला जन्माला यायला एक गोष्ट लागत होती: घरात जपून ठेवलेला जुना अंक.

ली फॉकचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वर्तमानपत्रांत अवतरला. रोज तीन-चार चौकटी, एवढाच त्याचा संसार. आरंभी रे मूर चित्रं काढत असे, मग विल्सन मकॉय आला आणि १९६१ पासून साय बॅरी. तिघांच्या हातांत जमीन-अस्मानाचं अंतर. मूरच्या चौकटी सावल्यांनी भरलेल्या, मकॉयच्या साध्यासुध्या, बॅरीचा नायक व्यायामशाळेतून नुकताच बाहेर पडल्यासारखा. पोशाखाचं तर विचारूच नका. फॉकच्या मनात तो करडा होता. १९३९ मध्ये तो रविवारच्या रंगीत पुरवण्यांत येऊ लागला आणि जांभळा छापला गेला. स्वीडनच्या वाचकाला तो निळा माहीत आहे, इटलीच्या वाचकाला लाल. एवढी उलथापालथ होऊनही फारशी ओरड झाली नाही, कारण कालचं वर्तमानपत्र आज वाण्याच्या पुडीत जात होतं. जुना चेहरा नव्याच्या शेजारी ठेवून पाहायची सोयच नव्हती.

ती सोय झाली सुट्या, टाचलेल्या अंकांमुळे. तिची पहिली मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. विजेच्या वेगाने धावणारा फ्लॅश १९४० मध्ये आला आणि १९४९ मध्ये त्याचा अंक बंद पडला. १९५६ मध्ये संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ यांनी त्याला पुन्हा आणलं, ते मात्र नाव तेवढं ठेवून. माणूस नवा, पोशाख नवा, वेगाचं कारण नवं. त्या पहिल्याच कथेत एक गंमत आहे. नवा नायक बॅरी ॲलन जुन्या फ्लॅशचा अंक वाचत बसलेला दिसतो आणि त्यावरूनच स्वतःला ते नाव घेतो. म्हणजे नव्याने सुरू झालेल्या मालिकेचा नायक स्वतःच जुन्या मालिकेचा चाहता. पण ज्यांच्या घरी जुने अंक होते त्यांना प्रश्न पडलाच: मग आमचा फ्लॅश गेला कुठे? त्याचं उत्तर १९६१ मध्ये गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेल्या कथेत मिळालं. जुना फ्लॅश दुसऱ्या एका पृथ्वीवर सुखरूप आहे, आणि दोघांची गाठ पडू शकते! एक नायक, दोन जन्मकथा, दोन्ही खऱ्या. वज्रेश्वरीच्या भाविकाने जे न सांगता मान्य केलं, ते अमेरिकी प्रकाशकाला आणखी एक पृथ्वी निर्माण करून समजवावं लागलं.

त्याच सुमारास श्वार्ट्झ यांनी वाचकांची पत्रं त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापायला सुरुवात केली. एका गावच्या वाचकाला दुसऱ्या गावच्या वाचकाचा ठावठिकाणा कळला आणि चाहत्यांचा गोतावळा जमला. तोवर एकेकट्याने केलेली कुरकुर आता संघटित झाली. पुढे १९९४ मध्ये ग्रीन लँटर्न मालिकेत हॅल जॉर्डनला खलनायक करून त्याच्या जागी पोरसवदा काइल रेनर आणला, तेव्हा चाहत्यांनी हॅलला परत आणण्यासाठी चक्क संघटना काढली. हॅल परतला, पण त्यासाठी २००४ उजाडावं लागलं. त्या दहा वर्षांत काइलबरोबर वाढलेल्या मुलांना हॅलचं परतणंच उपरं वाटलं, हे ओघाने आलंच.

आपल्याकडे या तक्रारीचं बी मुंबईत पडलं. ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून फँटम १९४०च्या दशकातच भारतात आला होता, पण तो इंग्रजी वाचणाऱ्या घरांपुरता. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला आणि चित्र पालटलं. पुढे ‘अमर चित्रकथा’ सुरू करणारे अनंत पै त्या काळात तिथेच होते. इंग्रजी-हिंदीच्या बरोबरीने मराठी अंकही निघू लागला. मराठीत फँटमचा वेताळ झाला, त्याच्या मागून जादूगार मँड्रेक आला, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी घडवलेला चंबळच्या खोऱ्यातला बहादूर. मासिकाचं पाक्षिक झालं, पाक्षिकाचं साप्ताहिक. एसटी स्टँडवरचा स्टॉल, रेल्वे फलाटावरचं दुकान, भाड्याने पुस्तकं देणारं गल्लीतलं वाचनालय, सुट्टीत मामाच्या घरी सापडलेला गठ्ठा: अंक मिळायच्या जागा या होत्या. मुख्य म्हणजे तो टाकून दिला जात नव्हता. अदलाबदल व्हायची, पुठ्ठ्याची बांधणी व्हायची, पहिल्या पानावर नाव घातलं जायचं.

आता खरी मौज. ज्या अंकांना आज जुना वाचक मूळ म्हणतो, ते मूळ होते का? फॉकच्या कथेतला देश बंगाला. ‘इंद्रजाल’ने त्याचं डेंकाली केलं, कारण बंगालशी गल्लत होऊ द्यायची नव्हती. वेताळाच्या घराण्याचे हाडवैरी असलेले चाचे मुळात सिंग नावाचे. भारतीय अंकात ते सिंगा झाले. वर्तमानपत्रातल्या आडव्या पट्ट्या उभ्या पानात बसवताना चौकटी कापल्या गेल्या, जोडल्या गेल्या. मुखपृष्ठं मुंबईत रंगली. त्यांपैकी कितीतरी गोविंद ब्राह्मणिया यांच्या हातची. म्हणजे मराठी मुलाने अंक विकत घेण्याआधी वेताळाचा जो चेहरा पाहिला तो न्यूयॉर्कचा नव्हताच. डेंकाली, सिंगा चाचे आणि ते मुखपृष्ठ यांच्यावर त्याने जीव जडवला. आठशेच्या आसपास अंक काढून १९९० मध्ये ‘इंद्रजाल’ थांबलं. बंद पडल्यामुळेच ते पक्कं झालं. त्यात आता काही बदलणार नव्हतं आणि जुने अंक रद्दीतून उठून संग्राहकांच्या कपाटात जाऊ लागले.

त्यानंतर भारतात वेताळाचे अंक वेगवेगळ्या प्रकाशकांनी काढून पाहिले, अलीकडच्या वर्षांतही ते निघत आहेत. प्रत्येक वेळी जुन्या वाचकाची नजर आधी फरकांवर जाते. बंगाला हे फॉकचं अस्सल नाव छापलं तरी त्याला ते खोटं वाटतं. डेंकाली हे बदललेलं नाव खरं वाटतं. यात त्याची फसवणूक झालेली नाही. ज्या रूपात नायक पहिल्यांदा भेटला, ते त्याच्यापुरतं मूळ. अडचण एवढीच की तो त्याला सगळ्यांचं मूळ मानतो.

हिंदीतल्या नागराजाची कहाणी याहून बोलकी आहे, आणि तिची एक वाट पुण्यातून जाते. राज कॉमिक्सने १९८६ मध्ये नागराज आणला. कथा परशुराम शर्मा यांची, चित्रं पुण्याचे प्रताप मुळीक यांची. ‘अमर चित्रकथा’साठी राजे-रजवाडे, देवदेवता रंगवून मुरलेला हा हात. त्यामुळे त्यांचा नागराज अंगापिंडाने पौराणिक वीरासारखा दिसे, पण काम मात्र देशोदेशी फिरून दहशतवाद्यांशी लढण्याचं. जन्मकथा सोपी: प्रोफेसर नागमणी याने त्याला शस्त्र म्हणून तयार केलं आणि बाबा गोरखनाथांनी त्याला त्या तावडीतून सोडवलं. १९९०च्या दशकाच्या मध्याला मालिका अनुपम सिन्हा यांच्याकडे गेली. नागराज महानगरात स्थिरावला, ‘राज’ या नावाने नोकरी करू लागला, आणि त्याला नवं कूळ मिळालं: तो तक्षकनगरचा राजपुत्र निघाला. प्रयोगशाळेतल्या शस्त्राचा राजवाड्यातला वारस झाला.

तेव्हापासून नागराजाच्या चाहत्यांत दोन घराणी आहेत. एका घराण्याला मुळीकांची ठसठशीत रेषा आणि सुटसुटीत कथा प्यारी. दुसऱ्याला सिन्हांची गच्च भरलेली पानं, अंकामागून अंक चालणारी गुंतागुंत, इतर महानायकांशी गाठीभेटी. वाद वरवर चित्रांचा वाटतो, पण बोलणाऱ्याचं वय विचारलं की त्याची बाजू बहुधा आधीच ओळखता येते. शाळेत असताना ज्याच्या हाती मुळीकांचा अंक पडला तो मुळीकांचा. पुढे राज कॉमिक्सच्या गुप्ता बंधूंनी वेगवेगळ्या नावांखाली प्रकाशन सुरू केलं, जुने अंक पुन्हा छापले जाऊ लागले, आणि भांडण नव्या मुद्द्यांवर आलं: आकार, कागद, पुन्हा भरलेले रंग. इथे तक्रार चित्रकथेच्याही पलीकडे गेली. आता हवा होता तो जुना अंकच, त्याच्या खरखरीत कागदासकट.

मुंबईत राहणाऱ्या महानायकाच्या वाट्यालाही हे आलं. २००४ मध्ये गोथम कॉमिक्सने ‘स्पायडर-मॅन इंडिया’ काढलं, चित्रं जीवन कांग यांची. नायक पवित्र प्रभाकर, गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला, अंगात जाळीदार सदरा आणि खाली धोतर. कोळ्याच्या दंशाऐवजी एका योग्याने दिलेली शक्ती. खलनायक राक्षस झालेला. चार अंकांत मालिका आटोपली. भारतीयपण म्हणजे धोतर आणि योगी एवढंच का, ही शंका तिच्या मागे राहिली. २०२३ मध्ये पवित्र दोनदा परतला. एकदा निकेश शुक्ला यांनी लिहिलेल्या पाच अंकांच्या मालिकेत, आणि त्याच सुमारास पडद्यावर, जिथे मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून ‘मुंबॅटन’ नावाचं शहर उभं केलं होतं. चित्रपट मराठीतही लागला. पडद्यावरचा पवित्र केसांच्या तोऱ्यात मिरवणारा, ‘चाय टी’ म्हणणाऱ्या परदेशी पाहुण्याला झापणारा. तरण्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. इथे जुन्यांचा विरोध जवळजवळ उमटलाच नाही, आणि कारण साधं आहे: २००४ चे चार अंक फार थोड्या घरांत पोचले होते. जपलेला अंक नाही, तिथे तुलना नाही. तुलना नाही, तिथे तक्रार नाही.

वेताळाच्या मूळ कल्पनेत या साऱ्याचं मर्म फॉकने आधीच ठेवलं होतं. १५३६ पासून बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि कवटीवर घेतलेली शपथ पुढे चालवतो. सध्याचा एकविसावा. जंगलातल्या लोकांना मात्र वाटतं, हा चारशे वर्षं न मेलेला एकच माणूस आहे. ही समजूत टिकते, कारण मुखवटा बदलताना बघायला परवानगी नाही. चित्रकथेचा वाचक मात्र नेमकं तेच बघतो. विसाव्या वेताळाचे अंक त्याच्या पेटीत असतात आणि एकविसाव्याचा हनुवटीचा कोन चुकला तर तो सांगू शकतो. म्हणून त्याला हट्टी म्हातारा ठरवून चालणार नाही. रेष, रंग, नावं यांची एवढी बारीक आठवण ठेवणारा दुसरा कुणी या धंद्यात नाही. फ्लॅशला दुसरी पृथ्वी मिळाली ती अशाच आठवणीच्या रेट्याने.

पण त्याच्या साक्षीला एक मर्यादा आहे. तो सांगू शकतो ते एवढंच की नवा अंक त्याच्या अंकासारखा नाही. नवा अंक चांगला की वाईट, हे ज्याच्या घरी जुना अंक नाही त्या दहा वर्षांच्या पोराला विचारावं लागेल. मराठीत बोलणारा पवित्र प्रभाकर पाहून बाहेर पडलेली मुलं आज त्या वयाची आहेत. आणखी वीस वर्षांनी कुणीतरी पवित्रला नव्याने आणेल, त्याचे केस बदलेल, मुंबॅटनचे पूल हलवेल. तेव्हा ‘आमचा पवित्र असा नव्हता’ म्हणत भांडायला हीच मुलं पुढे येतील, आणि २००४ च्या धोतराची त्यांना खबरही नसेल.