मातेचें दूध आणि समाजाचा वेळ

मुलाला अंगावर पाजणें ही निसर्गाची गोष्ट. तिला इतिहास कसला, असें पुष्कळांस वाटेल. परंतु सातारा-सांगलीकडील जुन्या चालीरीती पाहिल्या म्हणजे ध्यानांत येतें कीं, आईनें केव्हां पाजावें व किती दिवस पाजावें हें तिच्या मायेपेक्षां रूढीनें, दारिद्र्यानें आणि कामाच्या भोंग्यानेंच अधिक ठरविलें आहे.

प्रथम रूढि पाहूं. सुश्रुतसंहितेंत प्रसूतीनंतर तिसऱ्या वा चौथ्या रात्रीं स्तन्य प्रवृत्त होतें असें सांगून, पहिल्या दिवशीं बालकास मध व तूप देण्याचा विधि आहे. चरकसंहितेंत मात्र मधतूप चाटविल्यावर लागलीच उजवा स्तन द्यावा असें म्हटलें आहे. खेड्यांतील रूढि बहुधा पहिल्या मार्गानें गेली. घुटी व गुळाचें पाणी यांवर बालकाचे पहिले दिवस जात. ज्या घरांत गाईच्या चिकाचा खरवस आवडीनें खात, त्याच घरांत आईचा चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकीत! आजचें वैद्यक सांगतें कीं तो चीक हेंच बाळाचें पहिलें संरक्षण होय. जन्मानंतर तासाभरांत पाजावें, व सहा महिने दुसरें कांहींहि देऊं नये.

दुसरी गोष्ट दाईची. १६५७ सालीं पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृति क्षीण असल्यामुळें पुणें-सातारा वाटेवरील कापूरहोळच्या धाराऊ गाडे हिनें त्यांस दूध पाजलें, असें परंपरा सांगते. ह्या दूधआईचें नांव आपण आदरानें घेतों, तें योग्यच आहे. पण एका घरचें दूध दुसऱ्या घरीं जाई तेव्हां दाईच्या स्वतःच्या तान्ह्याचें काय होई, हा प्रश्न इतिहासानें क्वचितच विचारला आहे.

तिसरी गोष्ट मजुरीची. साताऱ्याकडील असंख्य कुटुंबें पोटासाठीं मुंबईच्या गिरण्यांत गेलीं. भोंगा झाला कीं आईनें तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवावें व कामावर जावें, हा तेथील सर्रास प्रकार होता. तिला निष्ठुर म्हणणें सोपें. पण मूल रडूं लागलें तर साचा सोडून जाण्याची मुभा तिला कोणी दिली होती? १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत प्रसूति-साहाय्याच्या बिलावर बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं मातेची विश्रांति हें राष्ट्राचें हित असल्याचें प्रतिपादिलें, आणि १९२९ सालीं कायदा झाला. १९६१ च्या कायद्यानें मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत कामाच्या वेळांत दोनदां पाजण्याची सुटी दिली. २०१७ सालीं पहिल्या दोन अपत्यांसाठीं रजा २६ आठवड्यांची झाली.

पण हा सारा हक्क हजेरीपटावर नांव असणाऱ्या स्त्रीचा. कृष्णाकांठच्या उसाच्या फडांत मोळ्या बांधणाऱ्या, माण-जतच्या कोरड्या रानांत खुरपणाऱ्या आईच्या झोळींतील मुलापर्यंत तो पोंचलेला नाहीं. तिला दुधाचें महत्त्व शिकविणारे पुष्कळ भेटतात. मजुरी न कापतां तिला अर्धा तास देणारा विरळा. दूध आईचें खरें. परंतु तें पाजण्यास लागणारा वेळ समाजाच्या हातीं आहे. तो न देतां आईला दोष देणें, हा आपला फार जुना अन्याय आहे.