काळी बिअर, मोहफूल आणि हिंगोली : चव आणि करवसुली यांचा इतिहास

प्रस्तावना :

स्टाउट ही गडद काळ्या रंगाची, भाजलेल्या धान्याची बिअर होय. तिच्यात आंबवण्याच्या टप्प्यावर चेरीची फळे घातली, की फळातील बहुतेक साखर यीस्ट खाऊन टाकते. मागे उरतो तो फळाचा आंबटपणा, किंचित तुरटपणा आणि बीमधून उतरणारा कडू बदामासारखा वास. पहिल्या घोटाला करपलेल्या धान्याचा, कॉफीच्या जवळ जाणारा कडवटपणा जाणवतो व फळ त्यानंतर येते. ही बिअर बर्फासारखी गार करून प्यायल्यास यातले काहीच कळत नाही, म्हणून जाणकार ती साधारण 10 ते 13 अंश सेल्सिअसला चाखतात. बेल्जियममध्ये आंबट चेरी घालून केलेल्या ‘क्रीक’ या बिअरची परंपरा जुनी आहे. काळ्या बिअरशी चेरीची जोडी मात्र अलीकडच्या छोट्या मद्यनिर्मात्यांनी लोकप्रिय केली. महाराष्ट्रात 2009 साली पुण्यात ‘डूलॅली’ ही मद्यशाळा सुरू झाल्यानंतर अशा ताज्या बिअरची ओळख शहरी वर्गाला झाली. या मद्यशाळेचे नावही नाशिकजवळच्या देवळाली छावणीच्या इंग्रजी अपभ्रंशावरून आले आहे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला लक्षणीय वाटावी.

हिंगोली जिल्ह्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि पेयाची चव कोण ठरवतो, असा प्रश्न विचारला की हे अंतर बरेच कमी होते. काळ्या बिअरची चव इंग्लंडच्या करव्यवस्थेने घडवली आणि मोहाच्या दारूची चव मराठवाड्याच्या करव्यवस्थेने पुसली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

काळा रंग आणि कर :

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये हमाल व कष्टकरी यांच्यात ‘पोर्टर’ ही तपकिरी बिअर रूढ झाली. तिच्यातील जी अधिक कडक, तिला ‘स्टाउट’ म्हणत. म्हणजे हा शब्द मुळात रंगाचा नसून ताकदीचा आहे. मोड आणलेल्या सातूवर सरकारचा कर असल्याने बिअरमध्ये जळकी साखर किंवा इतर रंगद्रव्य घालणे म्हणजे सरकारचा महसूल बुडवणे ठरे व 1816 च्या कायद्याने त्यास मज्जाव झाला. पुढच्याच वर्षी, 1817 साली, डॅनियल व्हीलर याने कॉफी भाजण्याच्या पिंपासारख्या यंत्रात मोडाचे सातू काळे होईपर्यंत भाजण्याचे पेटंट घेतले. हे सातू कर भरलेले, म्हणून कायदेशीर. शिवाय मूठभर घातले तरी सगळी बिअर काळी होई व उरलेले धान्य स्वस्तात निघे असे फिकट वापरता येई. पुढे 1880 साली मोडाच्या धान्यावरील कर उठून तो तयार होणाऱ्या बिअरवर बसला. त्यामुळे मोड न आणलेले सातूही भाजून वापरण्याची वाट मोकळी झाली. आज स्टाउटमध्ये जो कोरडा, करपट कडवटपणा वाखाणला जातो, त्याची वाट अशी लंडनच्या महसूल खात्यातून गेलेली आहे.

ही बिअर हिंदुस्थानातही आली. हिंदुस्थानासाठी बिअर म्हटले की फिकट ‘पेल एल’चे नाव घेण्याची प्रथा आहे, पण ती प्रामुख्याने अधिकारी व मुलकी नोकर यांची. गोऱ्या शिपायांसाठी मोठ्या प्रमाणावर आणली जाई ती पोर्टरच. कसौलीला एडवर्ड डायर याने 1855 साली मद्यनिर्मिती सुरू केली, तीही याच छावणीच्या ग्राहकावर नजर ठेवून.

हिंगोली : छावणी आणि गुत्ता :

हिंगोली ही निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. या फौजेच्या खर्चासाठीच 1853 च्या तहाने वऱ्हाड कंपनीकडे गेला. शिपाई देशी आणि अधिकारी युरोपीय अशी तिची रचना होती. 1903 साली ही फौज ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे महत्त्व संपले. पूर्णा-हिंगोली रेल्वे 1912 ची, म्हणजे छावणी नांदत असताना येथे रेल्वे नव्हती. विलायती माल यायचा तो वऱ्हाडातील किंवा पुढे मनमाड मार्गावरील स्थानकांवरून बैलगाडीने.

छावणीबाहेर मात्र दुसरीच व्यवस्था होती. निजामी राज्यात शिंदी, ताडी आणि मोहाची दारू ही आबकारीची मुख्य अंगे होती व आबकारी हा राज्याच्या उत्पन्नाचा एक प्रमुख स्रोत होता. दारू काढण्या-विकण्याचा हक्क लिलावात घेणारा तो गुत्तेदार. ‘गुत्ता’ हा शब्द मराठवाड्यात आजही कोणत्याही कंत्राटासाठी वापरला जातो. मोहाचे फूल चैत्राच्या सुमारास पहाटे आपोआप गळते. ते वेचून वाळवतात, भिजवून काही दिवस आंबवतात आणि मडक्यात उकळून वाफ धरतात. गावोगावच्या अशा भट्ट्यांवर देखरेख अवघड, म्हणून कल हळूहळू मध्यवर्ती दारूखान्याकडे झुकला. हैदराबादच्या नारायणगुडा येथील सरकारी दारूखान्यात मोहफुलांचीच दारू निघे. शेजारच्या मुंबई इलाख्यात तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी 1892 साली खास मोहफुलांचा कायदा झाला. झाडाखाली पडलेले फूल ठराविक मर्यादेपलीकडे घरात ठेवणे हाही त्याने गुन्हा ठरवला.

या व्यवस्थेत दारू मोजली जाई ती साइक्सच्या हायड्रोमीटरने. किती अंश कडक, त्यावर किती कर, एवढाच तिचा प्रश्न. चवीला रकाना नव्हता. येथे एक अपवाद नोंदवणे आवश्यक आहे. मध्य प्रांतातील वनाधिकारी जेम्स फोर्सिथ याने 1871 च्या आपल्या ग्रंथात, नीट काढून मुरवलेली मोहाची दारू तुच्छ लेखण्याजोगी नाही व ती काहीशी आयरिश व्हिस्कीची आठवण करून देते, अशा आशयाचे मत दिले आहे. मुरवायला वेळ लागतो, आणि लिलावाची मुदत संपण्याआधी पैसा वसूल करू पाहणाऱ्या गुत्तेदाराला वेळ परवडत नसे. मोहाच्या दारूवर उग्रपणाचा जो शिक्का बसला, त्यात फुलाइतकाच या मुदतीचाही वाटा मानावा लागतो.

फळाविना फळाची चव :

चेरीला कडाक्याची थंडी लागते. आपल्याकडे ती काश्मीर व हिमाचलात होते. हिंगोलीच्या बेकरीत केकवर दिसणारी लाल ‘चेरी’ ही बहुधा पाकात मुरवून रंगवलेले करवंद असते. विनोदाचा भाग सोडला, तर यात एक तथ्य आहे. काळ्या बिअरला चेरीकडून जे हवे असते, म्हणजे आंबटपणा, तुरटपणा आणि गडद रंग, ते करवंदात व जांभळात पुरेपूर आहे. पण मराठवाड्यात ही फळे आंबवून पेय करण्याला कायद्याने कधी मोकळी वाट दिली नाही.

1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व 1949 चा दारूबंदी कायदा पुढे येथेही लागू झाला. 1960 च्या दशकात बंदी सैल झाली आणि 1973 च्या नियमांनी देशी दारूला अधिकृत रूप मिळाले. ही देशी दारू मोहाची नव्हती. तिचा आधार होता साखर कारखान्यांची मळी. वसमत परिसरासारख्या उसाच्या पट्ट्यात त्या मळीला तोटा नव्हता. मळीपासून काढलेल्या शुद्ध मद्यार्काला स्वतःची अशी चव जवळपास नसते. म्हणून तीत अर्क घालून ‘संत्रा’ वगैरे प्रकार केले गेले. कळमनुरी-औंढ्याच्या डोंगरपट्ट्यात आंध समाजाची जुनी वस्ती आहे. तेथील असो वा अन्य कोठले, परवान्याविना चूल पेटवून काढलेली दारू ‘हातभट्टी’ म्हणून गुन्हा ठरली. हातभट्टीच्या नावाखाली विषारी रसायन विकले गेल्याने माणसे मेली, हेही तितकेच खरे. 2015 साली मालवणीत शंभराहून अधिक बळी गेले, तेथे कारण मिथेनॉल होते. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतील स्त्रियांनी ‘बाटली आडवी’ करण्यासाठी जो लढा दिला, त्यालाही चवीच्या गोष्टी सांगून उत्तर देता येत नाही. मात्र विष, व्यसन आणि फुलाची दारू यांना एकाच कलमात कोंबल्याने तिन्हींचा अभ्यास बिघडला, असे म्हणणे भाग आहे.

गोव्याच्या काजूफेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. मध्य प्रदेशाने 2022 च्या सुमारास मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ असा दर्जा देऊन ती आदिवासी गटांकडून तयार करून घेण्यास प्रारंभ केला. पुण्यातील ग्राहकाला स्टाउटचा पेला पुढे ठेवताना धान्य किती भाजले आणि फळ केव्हा घातले हे सांगितले जाते. भारतीय बनावटीच्या मद्याच्या बाटलीवर मात्र 42.8 टक्के आणि ‘25 अंडर प्रूफ’ हे आकडे अजूनही ठळक छापलेले असतात. तोफेच्या दारूवर मद्य ओतून ती पेट घेते का, हे पाहण्याच्या जुन्या इंग्रजी कसोटीतून आलेले हे माप आहे.