मारुती, मेस्त्री आणि तक्रार

आमच्याकडे जुन्नर-आंबेगावात 'मारुती' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक वेशीवरचा, शेंदूर लावलेला. दुसरा चार चाकांचा, जपानातल्या हमामात्सूहून दिल्लीजवळच्या गुडगावमार्गे आलेला. पहिल्यापुढे गाऱ्हाणं कसं घालायचं ते पोरासोरांनाही ठाऊक असतं. दुसऱ्याचं गाऱ्हाणं कुठे आणि कसं मांडायचं, हे मात्र चाळीस वर्षं झाली तरी आपल्याला नीट जमलेलं नाही. आज त्याबद्दल लिहायचं आहे.

नात्यातल्या मंडळींचा नेहमीचा प्रश्न असतो, "जपानी गाडी बिघडत नाही म्हणतात, खरं का रे?" हो म्हणावं तर पूर्ण खरं नाही, नाही म्हणावं तर अन्याय होतो. म्हणून थोडा इतिहास सांगतो. जरा दम धरा :)

आधी आपल्याकडे काय होतं ते बघू. पुणे-नाशिक रस्त्यावर राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही मोठी ठिकाणं. बाकी घोडेगाव, जुन्नर, ओतूर आणि पश्चिमेकडची डोंगरातली गावं. माणसांसाठी एसटी आणि महिंद्राची जीप, मालासाठी ट्रक आणि आकुर्डीत बनणारी बजाज टेम्पोची मॅटाडोर. 'टेम्पो' हे खरं तर एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. पण आपण ते इतकं आपलंसं केलं की आता कुठल्याही कंपनीचा छोटा ट्रक आपल्याला टेम्पोच. मोटार म्हणाल तर कुर्ल्याला बनणारी फियाट, तिचीच पुढे पद्मिनी झाली, आणि कलकत्त्याकडची अँबॅसिडर. त्याही गावात एखाद्याच घरी, डॉक्टर नाहीतर बागायतदार यांच्याकडे.

त्या काळी मोटारीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं थांबावं लागे. विकणाऱ्याच्या दारात रांग असली की घेणाऱ्याची तक्रार कोण ऐकणार? गाड्यांच्या दर्जाबद्दल ओरड नव्हती असं नाही. साठच्या दशकाच्या शेवटी सरकारला त्याची चौकशी करायला समिती नेमावी लागली होती. पण साध्या मालकाने काय करायचं, तर गाडीबरोबर मेस्त्रीही पाळायचा. उन्हाळ्यात खेड घाट चढताना पाण्याचा कॅन बरोबर ठेवायचा, अर्ध्या घाटात बॉनेट उघडून इंजिन थंड होऊ द्यायचं, सकाळी हँडल मारायचं. याला कोणी बिघाड म्हणत नसे. गाडी अशीच असते, असं सगळे धरून चालत.

आता जपानकडे वळू. मिचिओ सुझुकी हा मूळचा सुतारकाम शिकलेला माणूस. हमामात्सूचा भाग विणकामाचा. तिथे त्याने १९०९ साली हातमाग बनवायला सुरुवात केली. पहिला चांगला माग त्याने आईसाठी केला, असं सांगितलं जातं. पुढे कंपनी झाली, माग परदेशी जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर कापडधंदा अडचणीत आला तशी ही मंडळी दुचाकीकडे वळली. १९५२ साली सायकलला बसवायचं छोटं इंजिन आलं, १९५५ साली 'सुझुलाइट' नावाची ३६० सीसीची छोटी मोटार. ही मोटार विक्रीला आणण्याआधी तिचा नमुना हमामात्सूहून टोकियोपर्यंत चालवत नेला होता. वाटेत हाकोनेचा डोंगर आणि त्या काळचे खराब रस्ते. गाडी घाट चढते की नाही, ही परीक्षा तिथेही होतीच!

भारतातली कथा तुम्हाला थोडीफार माहीत असेल. संजय गांधींनी १९७१ साली मारुती लिमिटेड काढली. स्वस्त देशी मोटारीचं ते स्वप्न काही रस्त्यावर उतरलं नाही आणि कंपनी बुडाली. १९८० साली त्यांच्या मृत्यूनंतर सरकारने ती ताब्यात घेतली, १९८१ साली मारुती उद्योग स्थापन झाली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला. सुझुकीचा सुरुवातीचा वाटा २६ टक्के. जपानातल्या बड्या कंपन्यांपुढे सुझुकी तेव्हा लहानच होती, पण ओसामू सुझुकी यांनी हा जुगार खेळला. (हे गृहस्थ २०२४ च्या डिसेंबरात वारले, वयाच्या ९४ व्या वर्षी.) १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. पाठोपाठ १९८४ साली व्हॅन आली, तिचं नाव पुढे ओम्नी झालं.

तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन. कागदावर बघितलं तर चेष्टाच वाटावी. पण सेल्फ मारला की गाडी चालू व्हायची, आणि आपल्याकडच्या लोकांना तेवढंच हवं होतं. व्हॅन तर आपल्या तालुक्यांना अशी मानवली की विचारू नका. शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, दुधाचे कॅन, रात्री-अपरात्री मंचरला दवाखान्यात न्यायचं बाळंतपण, सगळं तिने केलं. ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, ओम्नीचं २०१९ साली. तरी जुन्या गाड्या अजून कुठे ना कुठे दिसतातच.

मला यात एक गंमत दिसते. गाडी कमी बिघडायला लागली तशा लोकांच्या तक्रारी वाढल्या. रोज पाणी उकळणाऱ्या गाडीच्या दाराचा खडखडाट कुणाला ऐकू येणार? इंजिन बिनबोभाट चालायला लागल्यावरच तो ऐकू आला. त्यामुळे 'अमुक गाडीच्या फार तक्रारी आहेत' एवढ्यावरून ती वाईट ठरत नाही. तिच्याकडून लोकांची अपेक्षा आहे, असाही त्याचा अर्थ असतो.

याच सुमारास दुसरीही एक गोष्ट घडत होती. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं. पैसे मोजणाऱ्यालाही हक्क असतात, हे तेव्हा समजावून सांगावं लागत होतं. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. म्हणजे बऱ्यापैकी भरवशाची गाडी आणि तिच्याविरुद्ध दाद मागायचा कायदा, दोन्ही आपल्याला तीन वर्षांच्या अंतराने मिळाले. गाडी आपण लगेच उचलली. कायदा बराचसा कपाटात राहिला.

आता 'जपानी म्हणजे बिघडत नाही' या समजुतीकडे येतो. जपानात सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करून द्यायची सरकारी पद्धत १९६९ सालीच सुरू झाली. कारण? जपानी कंपन्या गाड्यांतले दोष गुपचूप दुरुस्त करतात, लोकांना सांगत नाहीत, असा बोभाटा झाला होता. सुझुकीच्या सामुराईला, म्हणजे आपल्या जिप्सीच्या भावंडाला, १९८८ साली अमेरिकेतल्या ग्राहकांच्या एका नामांकित मासिकाने वळणावर उलटण्याच्या धोक्यावरून नापास केलं. त्यावरून कोर्टबाजी झाली आणि २००४ साली तडजोड. आणि २०१९ साली खुद्द जपानात सुझुकीला सुमारे २० लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण कारखान्यातून बाहेर पडताना करायची तपासणीच नीट झाली नव्हती.

सगळ्यात वाईट प्रकरण मित्सुबिशीचं. २००० साली एक निनावी खबर लागली म्हणून सरकारी अधिकारी कंपनीत गेले. ग्राहकांच्या तक्रारींचे कागद लॉकरमध्ये दडवलेले सापडले. दोन दशकांहून अधिक काळ हा उद्योग चालू होता. सरकारला दाखवायच्या तक्रारी वेगळ्या, लपवायच्या वेगळ्या! लपवालपवी तेवढ्यावर संपलीही नाही. जानेवारी २००२ मध्ये योकोहामात त्यांच्या एका ट्रकचं चाक निखळलं आणि रस्त्याने पोरांना घेऊन चाललेली एक तरुण आई त्याखाली सापडून गेली. चाकाचा हब तुटतो हे कंपनीला आधीच कळलं होतं. मला या प्रकरणात सगळ्यात लागतं ते हे, की मालकांनी त्यांचं काम केलं होतं. त्यांनी तक्रारी लिहून दिल्या होत्या. कंपनीने त्या वाचून लॉकरमध्ये टाकल्या.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. लॉकरपर्यंत जायला तक्रार लिहिली तर पाहिजे!

आमच्या एका चुलतभावाचं सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. टोमॅटोसाठी त्याने नवा पिकअप घेतला. काही महिन्यांतच उतारावर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायला लागली. शोरूमवाले म्हणाले, "भरलेल्या गाडीला थोडं असतंच." हंगाम चालू, क्रेट भरून पहाटे नारायणगावच्या बाजारात पोचायचं, भाव पडायच्या आत माल उतरवायचा. त्यात शोरूमच्या खेपा कोण घालणार? तो ओळखीच्या मेस्त्रीकडे गेला. मेस्त्रीने खाली शिरून बघितलं आणि म्हणाला, "दादा, या महिन्यातली अशी ही पाचवी गाडी." दीड तासात काम झालं. भाऊ खूश, गाडी सरळ चालायला लागली.

मी त्याला विचारलं, "बाकीच्या चौघांनी तक्रार केली का?" तो हसला. "कशाला? झालं ना काम."

मंडळी, मी अडकतो तो या 'झालं ना काम'पाशी. मेस्त्रीला मी अजिबात दोष देत नाही. उलट दोष सगळ्यांत आधी कळतो तो त्यालाच. पण पाच गाड्यांचा एकच दोष त्याच्या डोक्यात राहिला, बाहेर कुठेही त्याची नोंद झाली नाही. सहावी गाडी मेस्त्रीकडे जायच्या आधी माळशेज घाटात उतरत असेल तर?

नोंदीला किंमत आहे, आणि आता तर ती आकड्यांत ठरलेली आहे. आपल्याकडे कंपन्यांनी आपणहून गाड्या परत बोलवायची पद्धत २०१२ साली सुरू झाली. सक्तीचा अधिकार सरकारला २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने मिळाला आणि त्याचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. वर्षाला दहा हजारांहून जास्त खपणाऱ्या मोटारीच्या एखाद्या दोषाबद्दल १,२५० तक्रारी आल्या, तर सरकार सक्तीने गाड्या परत बोलवू शकतं. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. मालवाहू गाड्यांचा हिशोब वेगळा आहे, पण तत्त्व तेच, तक्रारी मोजायच्या. आता सांगा, नारायणगाव ते आळेफाटा या पट्ट्यात मेस्त्रीच्या हाताखालून गेलेल्या किती तक्रारी या मोजणीत येतात?

कंपन्या गाड्या बोलवतात, हे आता नवीन राहिलेलं नाही. जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या इंधनपंपासाठी बोलावल्या. जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या, स्टिअरिंगच्या टाय रॉडमध्ये दोष असू शकतो म्हणून. यातली ईको म्हणजे आपल्या ओम्नीची वारसदार. गावोगाव शाळेची पोरं आज तिच्यातूनच जातात. टाय रॉड तुटला तर स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं. असं जाहीर झालं की आपले लोक म्हणतात, "बघा, कंपनी खराब!" मला उलट वाटतं. दोष कळल्यावर बोलावणारी कंपनी न बोलावणारीपेक्षा केव्हाही बरी. भीती बोलावणं न पोचण्याची आहे.

आणि आपल्याकडे ते अनेकदा पोचत नाही. त्याचं कारण अगदी साधं आहे. पुण्यातली गाडी दोन-तीन वर्षांनी जुन्नरला विकली जाते, तिथून घोडेगावला, तिथून डोंगरातल्या एखाद्या गावात. व्यवहार शब्दावर होतो. सह्या केलेले फॉर्म गाडीच्या कप्प्यात तसेच पडून राहतात, नाव बदलायचं 'बघू नंतर'. कंपनीचं पत्र किंवा फोन जातो पहिल्या मालकाला. तो म्हणतो, गाडी विकली. संपला विषय. गाडी मात्र दहा पोरं घेऊन रोज शाळेला जात असते.

'जपानी गाडी बिघडत नाही का?' या प्रश्नाचं माझं उत्तर असं. मारुतीने आपल्या भागाला गाडीवर विसंबायला शिकवलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा भरवसा काही जपानच्या मातीत उगवलेला नाही. लोकांनी वेळोवेळी तक्रारी केल्या, काही ऐकल्या गेल्या, काही दडवल्या गेल्या, दडवणारे पकडले गेले, तेव्हा कुठे तो तयार झाला. आपण त्यात आपली भर घालत नाही, आणि मग वाईट वाटेल असं काही घडलं की नशिबाला बोल लावतो.

आता नात्यातल्या सगळ्यांना एक काम सांगतो. दिवाळीत सगळे गावी जमतोच आहोत. ज्यांच्या ज्यांच्याकडे गाडी आहे, मग ती कुठल्याही कंपनीची असो, त्यांनी आरसी बुक बरोबर आणा. गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर ती आपल्या नावावर करायचे कागद तिथेच बसून भरू. चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की गाडीला बोलावणं आहे का ते कळतं, पाच मिनिटांचं काम आहे, मी करून देतो. आणि चुलतभावाच्या पिकअपची तक्रार मी त्याच्याकडून लिहून घेणार आहे, गाडी दुरुस्त झालेली असली तरी. त्या मेस्त्रीलाही फराळाला बोलावलं आहे. बाकीच्या चार गाड्या कुणाच्या ते त्यालाच माहीत आहे.