चेन लांबते तेव्हा

उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये शर्यतीचं इंजिन बांधून घ्यायला येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मामा, टायमिंग चेन तुटणार नाही ना?" तुटण्याची भीती मला फारशी कधी वाटली नाही. ती लांबते, याची वाटते. चेन लांबली की कॅम मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि नेमकी कोणत्या फेऱ्यांना ताकद मिळणार, याचा भरवसा राहत नाही. हे दुखणं चेनइतकंच जुनं आहे.

त्यावरचं पहिलं मोठं औषध निघालं मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये. हान्स रेनोल्ड हा मूळचा स्वित्झर्लंडमधल्या आराऊचा. १८७९ मध्ये त्याने कापड गिरण्यांसाठी चेन बनवणारा एक छोटा कारखाना विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. आधीच्या चेनमध्ये पिनेचा सगळा भार पातळ प्लेटांच्या कडांवर यायचा. रेनोल्डने मध्ये बुश घातलं आणि पिनेला पूर्ण रुंदीभर टेकायला जागा मिळाली. आजची कुठलीही रोलर चेन हातात घ्या, त्याचं बुश आत आहे. मोटारगाडी रस्त्यावर यायच्या आधीच तिच्या इंजिनाचा हा भाग तयार होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चेन लांबते म्हणजे प्लेटा ताणल्या जातात, असा बहुतेकांचा समज. झिजतो तो सांधा. पिन आणि बुश यांच्यात केसाएवढी फट पडते आणि सगळ्या सांध्यांची मिळून ती मोठी होते. ३६ दात्यांच्या, ३/८ इंच पिचच्या कॅम गिअरचा व्यास जवळपास ११० मिलिमीटर. ताणाच्या बाजूला चेन एक मिलिमीटर लांबली की कॅम एक अंश मागे, म्हणजे क्रँकच्या हिशेबात दोन अंश. क्रँकवर १८ दाते असतील, तर ८००० फेऱ्यांना तीच चेन ताशी ८० किलोमीटरच्या वर पळत असते आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला पुढे ढकलून तिला उलटे हिसके देत असतात.

म्हणून दुपदरी चेन आली. जग्वारचं एक्सके इंजिन १९४८ मध्ये लंडनला लोकांसमोर आलं. त्यात दोन टप्प्यांत दुपदरी चेन होती, आणि याच इंजिनाने १९५१ ते १९५७ या काळात ल मान्सची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा मारली. साध्या मिनीत एकपदरी चेन असे, कूपर एसला दुपदरी दिली. पण दुपदरी म्हणजे दुप्पट चांगली, असं डोळे झाकून समजू नये. वजन दुप्पट, तर फेकही दुप्पट. फायदा एवढाच की हिसके पिनेच्या जास्त रुंदीवर वाटले जातात आणि झीज हळू होते. तेवढाही पुष्कळ आहे.

सर्वांत जास्त शिकवलं ते फोर्डच्या ४२७ 'कॅमर' इंजिनाने. साल १९६४. कॅम ब्लॉकमधून उचलून दोन्ही हेडांवर नेले आणि ते फिरवायला सुमारे सहा फूट लांबीची चेन घातली. ब्लॉकमधल्या जुन्या कॅमच्या जागी एक आखूड शाफ्ट ठेवला, तो डिस्ट्रिब्यूटर आणि ऑइल पंप चालवायचा. नॅसकारने हे इंजिन आपल्या शर्यतींत येऊ दिलं नाही, मग ड्रॅग रेसवाल्यांनी ते उचललं. एवढ्या लांब चेनमुळे एका हेडचा कॅम दुसऱ्याच्या मागे राहायचा. तेव्हा बांधणारे दोन्ही बाजूंचं टायमिंग मुद्दाम काही अंशांनी वेगळं लावायचे. उभ्या इंजिनात चुकीचं दिसणारं टायमिंग पळताना बरोबर यायचं. ज्यांनी हे ओळखलं, त्यांना मी मनापासून मानतो.

चेन काढून तिच्या जागी एकमेकांत अडकणारे गिअर लावले की कटकट संपली, असंही नाही. कॉसवर्थच्या डीएफव्ही या फॉर्म्युला वन इंजिनाने १९६७ मध्ये नेदरलँड्समधल्या झँडव्होर्टला पहिलीच शर्यत जिंकली. कॅम गिअरवर होते आणि त्यांचे दाते तुटत होते, कारण चेन जे हिसके थोडेफार गिळते ते गिअर जसेच्या तसे पुढे पाठवतात. ते इंजिन आखणाऱ्या कीथ डकवर्थला शेवटी एका गिअरच्या आत बारीक, पिळ खाणारे शाफ्ट बसवून मुद्दाम लवचिकपणा आणावा लागला.

नायलॉनचे दाते असलेला कॅम गिअर मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. आवाज कमी व्हावा म्हणून साठच्या दशकात अमेरिकी गाड्यांत ते घातले. उष्णतेने नायलॉन तडकतं आणि तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात.

मी सेट घेतो तो स्टीलच्या गिअरचा, क्रँकच्या गिअरला एकाहून जास्त चावीचे गाळे असलेला, म्हणजे टायमिंग पुढे-मागे करता येतं. ठिपक्याला ठिपका जुळला तरी डिग्री व्हील आणि डायल लावल्याशिवाय पुढे जात नाही. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते, म्हणून कॅम एक-दोन अंश आगाऊ ठेवतो आणि पहिल्या शर्यतीनंतर समोरचं झाकण उघडायला लावतो. पोरांच्या जिवावर येतं, पण तिथे मी कुणाचं ऐकत नाही.