पोळी, वल्ही आणि बँटिंगसाहेब

लंडनमधला विल्यम बँटिंग नावाचा गृहस्थ १८६२ साली आपल्याच घराचा जिना उलटा उतरत असे. म्हणजे शिडी उतरतो तसा, पाठमोरा, एकेक पायरी. सरळ उतरलं तर शरीराचा भार गुडघ्यांवर आणि घोट्यांवर येई. बुटाची नाडी बांधायला वाकता येत नव्हतं. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड (म्हणजे जवळजवळ ९२ किलो), वय पासष्ट.

हा बँटिंग म्हणजे ऐरागैरा नव्हे. इंग्लंडच्या राजघराण्याच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणारी त्याची पिढीजात पेढी होती. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनची भव्य अंत्ययात्रा निघाली, तिचं काम याच पेढीकडे होतं. वेलिंग्टन म्हणजे आपला असईच्या लढाईतला (१८०३) वेलस्लीच! चौथीपासून दहावीपर्यंतच्या किती मुलांना मी तो वेलस्ली शिकवला असेन, पण त्याला शेवटी पोचवणारा माणूस आहाराच्या इतिहासातही आपलं नाव ठेवून गेला, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं.

आज हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या गोतावळ्यात सध्या पोळी सोडण्याची लाट आली आहे. पुण्यातला भाचा, नाशिकची पुतणी, झालंच तर माझे धाकटे दीर. पोळी बंद, भात बंद, आणि रविवारी गड नाहीतर टेकडी. या मंडळींनी बँटिंगचं नाव ऐकलेलं आहे, कारण अशा आहाराचा मूळपुरुष म्हणून त्याचं नाव सारखं घेतलं जातं. पण त्याने स्वतः काय लिहिलंय ते फारसं कुणी वाचत नाही. इतिहासाच्या शिक्षिकेची खोड म्हणा, मला मूळ साधन पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

१८६३ साली बँटिंगने 'लेटर ऑन कॉर्प्युलन्स' ही छोटीशी पुस्तिका स्वखर्चाने छापली आणि सुरुवातीला फुकट वाटली. तिच्यातला मला सर्वांत आवडणारा भाग आहाराचा नाही, तो आहे होडीचा.

झालं असं की बँटिंग तरुण असतानाच त्याचं अंग सुटायला लागलं होतं. त्याच्या ओळखीचा एक नामांकित शल्यविशारद होता. तो म्हणाला, सकाळी कामाला लागण्यापूर्वी भरपूर मेहनत कर. नदी जवळच होती. बँटिंगकडे चांगली भक्कम होडी होती. रोज पहाटे दोनेक तास तो वल्ही मारू लागला. दंड भरले, अंगात जोम आला. पण त्याबरोबर भूकही अशी खवळली की विचारू नका! भूक लागली की खाणं आलंच. वजन उतरायचं सोडून वाढायला लागलं, आणि शेवटी त्याच मित्राने सांगितलं, बाबा रे, ती होडी बंद कर.

मग पुढची कित्येक वर्षं त्याने काय काय केलं! समुद्रस्नानं, पायी चालणं, घोड्यावरून रपेट, लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट इथली औषधी पाणी, तुर्की पद्धतीची पन्नासेक बाष्पस्नानं. बाष्पस्नानांनी सहा पौंड उतरले, तेवढेच.

आणि या काळात तो खात काय होता? सकाळी ब्रेड आणि दूध, किंवा भरपूर दूध-साखर घातलेला चहा आणि लोणी लावलेले टोस्ट. दुपारी मांस, बिअर, पुष्कळसा ब्रेड (तो त्याचा फार आवडता) आणि पेस्ट्री. संध्याकाळी पुन्हा सकाळसारखंच. रात्री फळांचा टार्ट नाहीतर पुन्हा ब्रेड-दूध. होडीवरून आलेली भूक कशाने भागत होती ते यात आलं.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये कानाला कमी ऐकू येतं म्हणून तो विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरकडे गेला. (रक्ताभिसरणवाला हार्वी तो वेगळा, दोनशे वर्षं आधीचा.) हार्वीने सांगितलं की तुझ्या कानाचं दुखणं चरबीमुळे आहे. ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे शक्य तितके टाळ. बँटिंगने ते ऐकलं, आणि सुमारे वर्षभरात त्याचं वजन १५६ पौंडांवर आलं. ४६ पौंड गेले, कमरेचा घेर बारा इंचांहून जास्त कमी झाला, आणि साहेब जिना सरळ उतरू लागले.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, आणि तिचं तात्पर्य सांगितलं जातं की व्यायाम फुकट आहे, पोळी तेवढी सोडा. मला हे पटत नाही. एक तर बँटिंगने ब्रेड पूर्ण सोडलाच नव्हता. न्याहारीला आणि दुपारच्या जेवणाला एकेक औंस कोरडा टोस्ट (२८ ग्रॅम, म्हणजे आपल्या एका लहान फुलक्याच्या आसपास) त्याच्या यादीत आहे. संध्याकाळच्या चहाबरोबर एक-दोन रस्क आहेत. बटाटा सोडून हवी ती भाजी आहे, फळ आहे. आणि दुपारी दोन-तीन पेले, रात्री एक-दोन पेले क्लॅरेट आहे, वर लागलंच तर झोपण्यापूर्वी बिनसाखरेची ब्रँडी! (तेव्हा दीरांनी बँटिंगचं नाव जपून घ्यावं, जाऊबाई वाचतात.)

दुसरं म्हणजे होडीने त्याला दगा दिला असं म्हणणं अर्धवट आहे. अंगात ताकद आली हे त्याने स्वतःच लिहिलंय. मेहनत आणि आहार या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात एकाच वेळी कधी जुळल्याच नाहीत. होडी होती तेव्हा ब्रेड-दूध चालू होतं, ब्रेड कमी झाला तोपर्यंत होडी जाऊन कित्येक वर्षं झाली होती. त्यामुळे दोन्ही एकत्र केलं तर काय होतं, याचं उत्तर बँटिंगकडे नाहीच.

असो. पुस्तिकेवर डॉक्टर मंडळी तुटून पडली, 'लॅन्सेट'ने खडसावलं, पण लोकांनी ती उचलून धरली. इंग्रजीत 'बँट' असं क्रियापदच काही काळ रूढ झालं. स्वीडिश भाषेत तर आजही वजन कमी करण्यासाठी पथ्य पाळण्याला 'बांता' म्हणतात. आडनावाचं क्रियापद होणं हा मान फार थोड्यांना मिळतो.

हार्वीला ही कल्पना सुचली कुठून? तो पॅरिसला गेला असता त्याने क्लोद बर्नार यांचं यकृत आणि मधुमेह यांबद्दलचं विवेचन ऐकलं होतं. साखर आणि पिष्टमय पदार्थ मधुमेह्याला वर्ज्य, मग लठ्ठ माणसालाही ते टाळून पाहायला काय हरकत, असा त्याचा विचार. म्हणजे वजनाच्या पथ्याचं मूळ मधुमेहाच्या पथ्यात आहे. आणि मधुमेहाचा विषय निघाला की आपल्याला सुश्रुताकडे जायलाच हवं.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अकरावा अध्याय प्रमेहाचा आहे. त्यात प्रमेह्यांचे दोन प्रकार सांगितलेत. एक जन्मजात, तो रोगी बहुधा कृश असतो, आणि दुसरा चुकीच्या आहारविहाराने झालेला, तो बहुधा स्थूल. कृशाचं पोषण करायचं, स्थूलाचं अन्न आणि अंग उतरवायचं. सरसकट सगळ्यांना एकच पथ्य नाही! आणि मग जे उपचार येतात ते वाचून मला हसू आलं आणि कौतुकही वाटलं. ज्याच्याजवळ पैसा नाही आणि आप्तही नाहीत अशा रोग्याने वहाणा-छत्रीवाचून, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र मुक्काम करत, शंभर योजनं किंवा त्याहून जास्त चालावं. योजन म्हणजे चार कोस धरले तर चारशे कोस झाले. धनवंताने सावे आणि देवभात यांवर राहावं, आवळा-कवठासारखी फळं खावीत आणि हरणांबरोबर रानात वस्ती करावी. कुणी गाईंच्या मागे हिंडावं, कुणी सतत नांगर धरावा, नाहीतर विहीर खणावी.

पाहा, इथे दोन्ही एकत्र आहे. भिक्षेवर राहणाऱ्याला खाणं बेताचंच मिळणार, आणि पाय तर दिवसभर चालतायत. चरकानेही प्रमेह्याला धान्य अजिबात बंद केलेलं नाही, मुख्य अन्न म्हणून जव सांगितलेत, जवाचा भात, जवाचे सातू वगैरे. (आता यावरून आमच्या ऋषींना सगळं आधीच माहीत होतं असं कृपया कुणी म्हणू नये. त्यांनी निरीक्षण बारकाईने केलं होतं, तेवढं श्रेय पुरे आहे.)

बरं, अजिबात धान्य न खाता उघड्यावर राबलेली माणसं आहेत का? आहेत. १८४५ साली उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या फ्रँकलिनच्या मोहिमेचा शोध घ्यायला फ्रेडरिक श्वाट्का हा अमेरिकन लेफ्टनंट १८७८ साली निघाला. इन्युइट सोबत्यांबरोबर त्याने जवळजवळ वर्षभर स्लेजवरून ३,२०० मैलांहून जास्त मजल मारली. शिधा होता महिनाभराचा. बाकी सगळं शिकारीवर, म्हणजे हरणाचं मांस आणि चरबी. त्याच्या रोजनिशीत एक फार मोलाची नोंद आहे. नुसत्या मांसावर आल्यावर सुरुवातीला अशक्तपणा येतो, कष्टाची मजल जमत नाही, पण दोन-तीन आठवड्यांत हे निघून जातं, असं तो लिहितो. पुढे स्टेफानसन या संशोधकाने १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर मांसाहाराचा प्रयोग केला, तेव्हा सुरुवातीला चरबी काढलेलं मांस दिल्यावर तो काही दिवसांतच आजारी पडला आणि चरबी दिल्यावर सुधारला. म्हणजे धान्य काढलं की त्याजागी दुसरं काहीतरी भरपूर लागतं. नुसती कोशिंबीर आणि ताक पिऊन कुणी ध्रुवावर गेलेलं नाही.

विसाव्या शतकात वारं उलटं फिरलं. १९३९ साली कोपनहेगनमध्ये ख्रिस्टेन्सन आणि हॅन्सन यांनी दाखवलं की पिष्टमय आहारावर माणूस चरबीच्या आहारापेक्षा दुपटीहून जास्त वेळ सायकल मारू शकतो. मात्र आहार बदलून काही दिवसच झाले होते! श्वाट्काचे दोन-तीन आठवडे त्यांनी दिलेच नाहीत. १९८३ मध्ये स्टीफन फिनी यांनी पाच सायकलपटूंना चार आठवडे दिले, तेव्हा मध्यम वेगाने ते पूर्वीइतकेच टिकले, पण एकदम जोर लावण्याची ताकद घटली. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स तर आयुष्यभर धावपटूंना पिष्टमय खा सांगत आले आणि २०१० च्या सुमारास त्यांनी मत पार फिरवलं. तिकडे त्या आहाराला लोक 'बँटिंग'च म्हणू लागले. उलट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांच्या अभ्यासात, पिष्टमय बंद केलेल्या चालण्याच्या शर्यतपटूंना तेवढ्याच वेगासाठी जास्त प्राणवायू लागला आणि सरावाचा फायदा वेळेत दिसला नाही. मला यातून एवढं दिसतं की टेकडी चढणाऱ्याचं भाकरीवाचून भागेल, शर्यत जिंकणाऱ्याचं भागणं कठीण.

आता आमच्या भाच्याकडे येते. त्याने सोमवारी पोळी-भात सोडला आणि रविवारी राजगड चढायला गेला. पद्मावती माचीच्या अलीकडे डोळ्यांपुढे अंधारी आली, मित्रांनी बसवून ठेवला. यात नवल काही नाही. शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत करतं तो पाण्यासकट, एक ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी. पिष्टमय बंद केलं की आधी हा साठा संपतो, त्यातलं पाणी जातं, आणि इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे दोन-तीन किलो उतरलेले दिसतात त्यात हे पाणी मोठं. त्याने तर उन्हाळ्यातलं ऊन आणि बिनमिठाची कोशिंबीर यांची भर घातली होती. मी त्याला श्वाट्काची रोजनिशी ऐकवली. 'मावशी, तो बर्फात होता', म्हणाला. तेही खरंच. पण आता पहिले तीन आठवडे गड बंद, सपाटीवर चालणं आणि मीठ घातलेलं ताक, एवढं कबूल केलंय.

पुतणीचं वेगळंच. ती पोळी खात नाही, पण एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा घेते. तिला मी काही बोलणार नाही.

दीरांची मात्र मला काळजी होती, कारण ते मधुमेहाची गोळी घेतात. काही गोळ्या आणि इन्सुलिन ही पानातल्या पोळीचा हिशोब धरून दिलेली असतात. पोळी एकाएकी काढली, वर तासभर टेकडी चढली आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर धोकादायक उतरू शकते. घाम, थरथर, बरळणं, आणि माणूस टेकडीवर एकटा. गेल्या महिन्यात जाऊबाईंनी त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली, पोळ्या चारांवरून दोनांवर आणायला सांगितल्या, बंद नाही, आणि टेकडीला निघण्यापूर्वी आणि आल्यावर बोटातलं रक्त तपासून वहीत लिहायला सांगितलं. वही मी पाहिली, अक्षर गिचमिड आहे, पण एकही दिवस गाळलेला नाही. खिशात खडीसाखरेची पुडी असते, आणि बरोबर शेजारचे काका.