चिलखत ते रायडिंग जॅकेट : उंबरखिंडीच्या वाटेवर कवचाची कुळकथा

१/ पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी चौक, खालापूर, खोपोली या वाटेवर दुचाकीस्वारांचे तांडे दिसतात. द्रुतगती महामार्गावर दुचाकीस प्रवेश नाही, म्हणून ते जुन्या महामार्गाने शिंगरोबाच्या घाटाकडे वळतात. कित्येकांच्या अंगावर रायडिंग जॅकेट असते. त्याच्या अस्तरात दडलेल्या कवचाची ही कुळकथा. #धागा

२/ याच खालापूर तालुक्यात, चावणी गावाजवळ आंबा नदीच्या खोऱ्यात उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१. शाइस्ताखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान कुरवंडे घाटाने खाली उतरला आणि या खिंडीत अडकला. दोन्ही बाजूंच्या रानात शिवरायांचे सैन्य दबा धरून बसले होते.

३/ मोगल फौज मोठी होती, सरंजाम जड होता. वाट मात्र अरुंद आणि पाणी दुर्मीळ. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. सोबतच्या रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने अभय मागितले आणि सामानसुमान टाकून तो परतला. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग विस्ताराने आला आहे.

४/ हा पराभव चिलखतांमुळे झाला, असे कोणी म्हणू नये. तो भूगोलाचा आणि नियोजनाचा विजय होता. पण घाटात वावरणाऱ्याला पडणारा जुना प्रश्न तेथे ठळक दिसतो : अंगावर किती ओझे घ्यायचे? संरक्षण हवे; पण हालचाल खुंटली तर तेच संरक्षण घात करते.

५/ त्या काळच्या कवचांत या प्रश्नाची उत्तरे सापडतात. पहिले, कड्यांचे चिलखत. लोखंडी कड्या एकमेकींत ओवलेल्या असल्याने ते अंगाबरोबर वळे. तलवारीचा वार त्यावर अडे. परंतु गदेचा तडाखा कड्यांतून थेट हाडापर्यंत पोहोचे.

६/ म्हणून चिलखताच्या आत कापूस भरून टाचलेला जाड डगला घालीत. कड्यांनी धार अडवायची, कापसाने धक्का पचवायचा. चिरणे आणि ठेचणे या दोन निराळ्या इजा आहेत आणि त्यांवरचे उपायही निराळे, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते.

७/ दुसरे उत्तर म्हणजे ‘चार-आईना’. शब्दशः चार आरसे : छातीवर एक पत्रा, पाठीवर एक, दोन्ही बगलांखाली एकेक. ते चामडी पट्ट्यांनी चिलखतावर आवळीत. सगळे अंग पत्र्याने मढवायचे नाही. जेथे घाव प्राणघातक, तेथेच कठीण पत्रा. आजच्या पॅडची मूळ कल्पना हीच.

८/ तिसरे, ‘हजार खिळ्यांचा’ अंगरखा. वरून भरजरी कापड आणि त्यावर खिळ्यांची नक्षी. आत मात्र लोखंडी पत्रे. कवच वस्त्रात लपविण्याची ही रीत. प्रतापगडाच्या भेटीतही (१० नोव्हेंबर १६५९) महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली शिरस्त्राण घातल्याची परंपरा सर्वश्रुत आहे. उंबरखिंड त्यानंतर सुमारे पंधरा महिन्यांनी घडली.

९/ आता दुचाकीकडे येऊ. इंग्रज शर्यतपटू जेफ ड्यूक याने १९५० मध्ये एकसंध चामडी पोशाख शिवून घेतला. हेतू वारा कापण्याचा होता. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या डायनेझे कंपनीने पाठीचे कवच आणले. शेवंडाच्या पाठीसारखे एकावर एक चढणारे तुकडे : पाठ वाकते, कवच तुटत नाही.

१०/ युरोपात १९९७ मध्ये सांध्यांच्या पॅडसाठी ‘ईएन १६२१-१’ हे मानक आले. चाचणी साधी आहे : सुमारे ५ किलोचे वजन साधारण १ मीटरवरून पॅडवर पाडायचे आणि खाली किती बल पोहोचते ते मोजायचे. सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर पहिला स्तर, २० पर्यंत असेल तर दुसरा. पाठीच्या पॅडसाठी हेच आकडे १८ आणि ९.

११/ पॅड धक्का नाहीसा करीत नाही. तो अधिक वेळात आणि अधिक जागेत पसरवतो. कापसाच्या डगल्याचे हेच काम होते. रस्त्यावर घासटण्यापासून वाचवते ते बाहेरचे चामडे किंवा जाड कापड, म्हणजे नव्या काळातल्या कड्या. दोहोंपैकी एक नसेल तर कवच अर्धेच.

१२/ आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. अनेक जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता फोमचा तुकडा असतो. त्यावर मानकाचा शिक्का नसेल तर ती केवळ भरती समजावी. खांदा, कोपर, गुडघा, नितंब, पाठ यांचे पॅड वेगळे असतात. त्यांवर अनुक्रमे एस, ई, के, एच, बी ही रोमन अक्षरे छापलेली असतात.

१३/ पॅड बसवताना फुगीर बाजू बाहेर आणि खोलगट बाजू अंगाकडे ठेवावी. कोपराच्या पॅडचा निमुळता भाग मनगटाकडे यावा. गुडघ्याचा पॅड उभ्याने पाहून ठरवू नये : गाडीवर बसले की पॅन्ट वर सरकते. म्हणून बसूनच पाहावे आणि खिशाची उंची वेल्क्रोने जुळवावी.

१४/ मग दुसऱ्याने पॅड धरून फिरवून पाहावा. हाताने सरकला तर डांबरावर पडताना तो कोपरावर राहणारच नाही. जॅकेट सैल असेल तर उत्तम पॅडही व्यर्थ. धुण्यापूर्वी पॅड काढावेत आणि घालताना डावा-उजवा तपासावा. मोठा मार बसलेला पॅड बदलावा. वरून तो धड दिसतो म्हणून विसंबू नये.

१५/ चार-आईन्याचे पट्टे स्वारीपूर्वी आवळून पाहावे लागत, कारण सैल पत्रा घाव अडवीत नाही. साडेतीन शतकांनंतर पोलादाच्या जागी फोम आला, घोड्याच्या जागी इंजिन. पण नियम तोच. कवच किती भारी, यापेक्षा ते नेमक्या जागी आहे का, हे महत्त्वाचे. शिंगरोबाला हात जोडण्यापूर्वी एकदा कोपर चाचपून पाहा.

उंबरखिंडीचे स्मारक पाहिले नसेल तर चावणीला अवश्य जा. धागा समाप्त. 🙏