चिऱ्यावर चिरा : गुटेनबर्ग एडिटरची वाटचाल

आमच्याकडे मालवणात घराचा अंदाज चिऱ्यांवरून सांगतात. किती हजार चिरे लागतील, खाणीवरचा भाव काय, गाडीभाडं किती, एवढं कळलं की गवंड्याचा हिशोब सुरू. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. जुनं घर उतरवलं तरी त्याचे धड चिरे कोणी टाकत नाही. ते पुढे गडग्याला नाहीतर विहिरीच्या कठड्याला लागतात.

वेबसाइट बांधण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीचा गुटेनबर्ग एडिटर समजावून सांगताना मला हाच चिरा आठवतो. वेबसाइटच्या पानावरचा मथळा हा एक ब्लॉक, परिच्छेद दुसरा, फोटो तिसरा, दरांचा तक्ता चौथा. प्रत्येक ब्लॉक वेगळा उचलावा, वर-खाली सरकवावा, जपून ठेवून दुसऱ्या पानावर पुन्हा लावावा. आज हे साधं वाटतं, पण इथवर यायला बराच काळ लागला आणि वादही बरेच झाले.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली. बी-टू नावाची एक मुक्त प्रणाली होती, तिचं काम थांबलं होतं. टेक्ससचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडचा माइक लिटल यांनी तिचाच कोड घेऊन पुढची बांधणी सुरू केली. परवाना मुक्त असल्यामुळे कोणाची मनाई नव्हती. तेव्हापासून जगभरच्या स्वयंसेवकांनी हे काम वाढवलं आणि २०१८ पर्यंत जगातल्या जवळजवळ एक तृतीयांश वेबसाइट वर्डप्रेसवर चालू लागल्या.

लिहिण्याची जागा मात्र फारशी बदलली नव्हती. एक मोठी चौकट आणि वर ठळक, तिरपं, दुवा अशी बटणं. मजकूर लिहिण्यापुरतं ते चांगलं होतं. फोटोशेजारी मजकूर हवा, दोन रकाने हवेत, एखादं बटण हवं, की चौकोनी कंसातले सांकेतिक शब्द टाका, नाहीतर वेबपानांची एचटीएमएल ही भाषा शिका. आमच्याकडे मे महिना सरत आला की सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक बंद होते, समुद्रातले खेळ थांबतात. ही दोन ओळींची सूचना पहिल्या पानावर ठळक लावायची, तर किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्याला साइट करून देणाऱ्या मुलाला फोन करावा लागे. तो मुंबईत. त्याला सवड होईपर्यंत पाऊस सुरू झालेला असे. सिंधुदुर्ग हा १९९७ पासून पर्यटन जिल्हा. इथे ही अडचण घरोघरची होती.

२०१६ च्या डिसेंबरात वर्डप्रेसच्या फिलाडेल्फियातल्या मेळाव्यात मुलेनवेग यांनी लिहिण्याची ही चौकटच नव्याने घडवायचं जाहीर केलं. उरुग्वेचे मातीआस व्हेंचुरा आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. सुट्या खिळ्यांनी युरोपात छपाईचं युग आणणाऱ्या योहान गुटेनबर्गचं नाव या प्रकल्पाला दिलं गेलं. जून २०१७ मध्ये, पॅरिसच्या मेळाव्याच्या वेळी, तो प्लगइनच्या, म्हणजे वेगळ्या जोडणीच्या, रूपात लोकांच्या हाती आला.

पुढची दीड वर्षं ओढाताणीची होती. एडिटर फेसबुकच्या ज्या रिअॅक्ट या तयार कोडसंचावर उभा होता, त्याच्या परवान्यात फेसबुकने पेटंटविषयी एक कलम घातलं होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये वर्डप्रेसने रिअॅक्ट सोडण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याच महिन्यात फेसबुकने तो परवाना बदलला. ऑगस्ट २०१८ च्या ४.९.८ आवृत्तीत सगळ्यांना नवा एडिटर वापरून पाहण्याचं आवाहन होतं. ऑक्टोबरात सुगम्यता गटाच्या प्रमुख रियान रिटवेल्ड यांनी राजीनामा दिला. अंध व्यक्ती किंवा माउस न वापरता केवळ कीबोर्डवर काम करणारी व्यक्ती हा एडिटर नीट वापरू शकेल का, हा त्यांच्या गटाचा कळीचा प्रश्न होता. नवा एडिटर असलेली आवृत्ती १९ नोव्हेंबरला यायची होती; ती २७ वर गेली, मग आणखी पुढे. अखेर ६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेस ५.० आलं.

या सगळ्यात दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली, जुन्या एडिटरची वाट बंद केली नाही. ‘क्लासिक एडिटर’ नावाचं प्लगइन दिलं आणि ते आजही लाखो साइटवर चालू आहे. जुना लेख नव्या एडिटरमध्ये उघडला तर तो अख्खा एका क्लासिक ब्लॉकमध्ये येतो. सवडीने त्याचे तुकडे करता येतात. दुसरी, मजकूर साठवण्याची रीत. प्रत्येक ब्लॉकच्या आधी आणि नंतर एचटीएमएलची एक टिप्पणी असते. वाचकाला ती दिसत नाही, एडिटरला मात्र तिच्यावरून ब्लॉकची हद्द कळते. उद्या वर्डप्रेस सोडलं तरी परिच्छेद परिच्छेदच राहतो, मथळा मथळाच. उतरवलेल्या घराच्या चिऱ्यासारखा.

सुगम्यतेची तक्रारही वाऱ्यावर गेली नाही. उच्च शिक्षणसंस्थांतल्या वर्डप्रेस वापरणाऱ्यांच्या ‘डब्ल्यूपीकॅम्पस’ या गटाने स्वतंत्र तपासणी करवून घेतली आणि मे २०१९ मध्ये तिचा अहवाल सर्वांसमोर ठेवला. त्यातल्या दोषांवर पुढे काम होत गेलं. २०२० मध्ये तयार ब्लॉकरचना आल्या. जानेवारी २०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून पानाचा माथा, तळ, सगळी साइटच ब्लॉकने बांधता येऊ लागली. डिसेंबर २०२५ च्या ६.९ आवृत्तीत सहकाऱ्याला एखाद्या ब्लॉकवर टिपण ठेवण्याची सोय आली.

प्रकल्पाचे टप्पे चार ठरले होते : सोपं लेखन, साइटची बांधणी, एकत्र काम आणि बहुभाषिकता. चौथा अजून व्हायचा आहे, आणि आमच्या जिल्ह्याला त्याचंच अगत्य अधिक असायला हवं. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, तेव्हा पानावर दोन रकाने होते, एक इंग्रजी आणि एक मराठी. एकच मजकूर दोन्ही भाषांच्या वाचकांसमोर शेजारीशेजारी ठेवायचा, हा त्यांचा विचार. आज रकान्यांचा ब्लॉक निवडला की तशी मांडणी मिनिटभरात होते.

हत्यार फुकट आहे, वर्डप्रेस मराठीतही आहे आणि चुकलंच तर मागची प्रत परत आणता येते. तरीही आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी वेबसाइट फक्त इंग्रजीत, परक्याच्या हातून लिहून घेतलेल्या दिसतात. खानावळ आपली, होडी आपली, वाचनालय आपलं; मग त्यांचं पानही आपणच बांधावं. या पावसाळ्यात पाहुणे कमी असतील तेव्हा एक दुपार काढा आणि पहिला ब्लॉक मराठीत लिहा.